पाटाचे पाणी कोठे जाते?

पुण्या-मुंबईच्या वाचकांना दिवाळी म्हटले की फराळ आणि आकाशकंदील आठवत असतील. आमच्या धानोरा भागात दिवाळीला पहिल्यांदा आठवतो तो धानाचा वास. हलका धान कापणीला आलेला असतो, भारी धान अजून लोंबीत दूध भरीत उभा असतो, आणि त्या शेवटच्या एका पाण्यासाठी तलावाचा पाट रात्रंदिवस वाहत असतो. लहानपणी पहाटे अभ्यंगस्नान आटोपून आम्ही मुले कुडकुडत त्या पाटावर जात असू आणि त्यात पळसाच्या पानांच्या होड्या सोडीत असू. होडी आमच्या शेताच्या बांधापाशी आली की पाटाखाली आजोबांची बोडी दिसे.

बोडी म्हणजे शेतातले लहानसे तळे. झाडीपट्टीत हा शब्द घरोघर आहे, पण देशावरच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. आमची बोडी पंचक्रोशीत नावाजलेली होती. इतरांच्या बोड्या पौषात तळाला जात. आमचीत होळीपर्यंत पाणी असे. तिच्या वरच्या कोपऱ्यात एक बारीकसा झरा होता. आजोबा पाहुण्यांना मुद्दाम तेथे नेत आणि म्हणत, "बोडी खोदणारे पुष्कळ आहेत, जमिनीच्या पोटातला झरा ओळखणारा एखादाच." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की आमच्या घराण्याच्या मोठेपणाचा तो झरा म्हणजे एक दाखलाच आहे, असे मी साठ वर्षे धरून चाललो होतो.

दोन वर्षांपूर्वी गावाच्या सभेत एक प्रश्न निघाला. मातीचा पाट मोडून सिमेंटचा करावा की करू नये? पाटाच्या शेवटी ज्यांच्या बांध्या आहेत त्यांचे म्हणणे असे, की तलावातून निघालेले पाणी आमच्यापर्यंत पोचतच नाही, ते वाटेतच मुरते. मी शाळामास्तर, त्यातही सेवानिवृत्त. तेव्हा "गुरुजी वाचून सांगतील," असे ठरले. मी वाचू लागलो. एका साध्या प्रश्नामागे केवढा इतिहास दडला आहे हे मला तेव्हा कळले. तोच आज वाचकांपुढे ठेवतो.

* * *

आधी आमच्या तलावांविषयी. वैनगंगेच्या दोन्ही अंगांना, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत, जुन्या तलावांची संख्या सहा हजारांहून अधिक भरते. चांद्याच्या गोंड राजांच्या अमदानीत जंगल तोडून तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन मिळे, अशी परंपरा सांगतात. ब्रह्मपुरी-साकोलीकडे कोहळी समाजाने या कलेत नाव मिळविले. आमच्याकडे मुरुमगाव, रांगी, दुधमाळा, खुटगाव, झाडापापडा अशा लहान-लहान जमीनदाऱ्या होत्या. तेथे जमीनदार, गावचे पुढारी आणि रयत यांच्या श्रमातून पारी उभ्या राहिल्या. पार म्हणजे तलावाचा मातीचा बांध. १९५१ साली मालगुजाऱ्या आणि जमीनदाऱ्या कायद्याने संपल्या, तलाव सरकारकडे गेले, आणि पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेच्या ताब्यात आले. "मामा तलाव" असे जे लाडके नाव आज ऐकू येते, ते "माजी मालगुजारी" या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून झाले आहे. त्यात कोणाचा मामा नाही!

या तलावांतून पाणी सोडण्याची जुनी सोय म्हणजे तुडूम. एकावर एक भोके ठेवलेली ती उभी मोरी असते. पाणी जसजसे उतरेल तसतसे खालचे भोक मोकळे करायचे. तेथून पाणी पाटात येते आणि पाटातून बांध्यांत. इकडे भातखाचराला बांधी म्हणतात. आता गंमत पाहा. बांधीत पाणी टिकावे म्हणून आमचा शेतकरी रोवणीपूर्वी नांगराने आणि पायाने माती तुडवतो. या चिखलणीने मातीचे कण विस्कटतात, बारीक कण खाली बसतात आणि तळाशी एक घट्ट थर तयार होतो. त्यातून पाणी सहजी उतरत नाही. पाटाला मात्र अशी चिखलणी कोणी करीत नाही. तो खणला जातो तो उताराच्या सोयीने. वाटेत मुरूम लागला तर मुरुमातून, बर्डी जमीन लागली तर बर्डीतून. बांधीचे तळ आम्ही शतकानुशतके लिंपीत आलो आणि पाटाचे तळ उघडेच ठेवले.

* * *

उघड्या पाटातून पाणी किती आणि कसे मुरते, याचा नियम सापडला तो एका दूरच्या गावी. फ्रान्समधल्या दिजों शहरात आंरी दार्सी नावाचा अभियंता होता. आपल्या गावाला त्याने १८४० साली झऱ्याचे स्वच्छ पाणी आणून दिले. पुढे प्रकृती ढासळल्यावर त्याने तेथल्या इस्पितळाच्या आवारात एक लोखंडी नळकांडे उभे केले, त्यात वाळू भरली, वरून पाणी सोडले आणि खाली किती येते ते मोजीत बसला. १८५६ साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केला. वरच्या आणि खालच्या पाण्याच्या पातळीतला फरक जितका अधिक, तितका वाहण्याचा वेग अधिक. मातीतली वाट जितकी लांब, तितका वेग कमी. उरलेले सारे मातीच्या जातीवर. जाड्या वाळूतून पाणी धावते, चिकणमातीतून ते मुंगीच्या पावलांनी जाते. दोहोंच्या वेगात हजारपटीचे अंतर सहज पडते.

हा नियम हाती धरून आमच्या पाटाकडे पाहिले की अनेक गोष्टींचा उलगडा होतो. पाट पहिल्यांदा सुटतो तेव्हा पाणी पुढे सरकता सरकत नाही, कारण उन्हाळाभर तापलेली माती आधी आपली तहान भागविते. त्या भेगा बुजल्या, खालची माती ओली झाली, की मुरणे मंदावते आणि एका ठरावीक चालीने होत राहते. गढूळ पाण्यातला गाळ तळाशी बसतो आणि आपण होऊन पाट लिंपतो. म्हणून जुना पाट नव्यापेक्षा कमी गळतो, आणि उत्साहाच्या भरात तळ खरवडून साफ केलेला पाट त्या वर्षी जास्त गळतो. रुंद-उथळ पाटात पाण्याला मातीचा स्पर्श अधिक, म्हणून पाझरही अधिक. शिवाय खेकडे आणि उंदीर आहेतच. त्यांच्या बिळांना दार्सीचा नियम लागत नाही!

आपल्या देशात या गळतीचा हिशेब मांडला गेला तो पंजाबात. बारी दोआब कालव्यावर केनेडी नावाच्या अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात मोजमाप केले. कालव्याच्या मुखाशी पाण्याचे १०० भाग घेतले, तर मुख्य कालव्यात आणि शाखांत सुमारे २० भाग, वितरिकांत ६ आणि गावोगावच्या लहान पाटांत २१ भाग वाटेतच नाहीसे होत. म्हणजे शेताच्या तोंडाशी पोचत ते ५३. यात लक्षात ठेवण्याजोगे हे, की गावचे चिमुकले पाट अवाढव्य मुख्य कालव्याइतकेच पाणी पितात. आमच्या पाटाच्या शेवटी बसलेला शेतकरी कुरकुरत होता, ती कुरकुर शंभर वर्षांपूर्वीच आकड्यांत सिद्ध झालेली होती.

* * *

हे नाहीसे झालेले ४७ भाग जातात कोठे? येथे इतिहास थोडा काळवंडतो.

दिल्लीच्या उत्तरेस पश्चिम यमुना कालवा आहे. मूळचा तुघलकांच्या काळातला, तो इंग्रजांनी १८२० च्या सुमारास पुन्हा वाहता केला. काही वर्षांतच त्याच्या काठच्या सखल भागांत दलदल झाली, शेतांवर पांढरे खार चढले आणि ताप पसरला. कर्नालची लष्करी छावणी १८४० नंतरच्या त्या आरंभीच्या वर्षांत उठवावी लागली. बेकर, डेम्प्स्टर आणि यूल या तिघांच्या समितीने १८४७ साली अहवाल दिला. त्यांतला डेम्प्स्टर हा डॉक्टर. त्याने कालव्याकाठच्या आणि कालव्यापासून दूरच्या गावांतल्या माणसांची पोटे चाचपून पाहिली आणि वाढलेल्या प्लीहांची मोजदाद केली. हिवतापाचा डासाशी संबंध रोनाल्ड रॉस यांनी दाखविला तो १८९७ साली. त्याच्या पन्नास वर्षे आधी या डॉक्टराने साचलेल्या पाण्याचा आणि तापाचा संबंध हाताच्या बोटांनी ओळखला होता.

महाराष्ट्राला हा धडा नीरेच्या खोऱ्यात मिळाला. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. दुष्काळी बारामतीकडे पाणी आले, ऊस आला, गुळाची गुऱ्हाळे आली. लोकांनी कालव्याला दुवा दिला. पण वीस-पंचवीस वर्षांत कालव्याखालच्या उत्तम काळ्या जमिनी एकेक करून आजारी पडू लागल्या. आधी ऊस पिवळा पडे, मग जमीन पाय ठेवताच दबे, आणि शेवटी उन्हाळ्यात तिच्यावर मिठासारखा पांढरा थर येई. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी या खाऱ्या जमिनींचा अभ्यास १९१० साली प्रसिद्ध केला.

यातली कारणपरंपरा समजायला कठीण नाही. काळ्या मातीखाली मुरूम असतो. कालव्यातले आणि उसाला पाजलेले जादा पाणी झिरपत त्या मुरुमात उतरते आणि त्यातून सखल भागाकडे चालू लागते. सखल भागात त्याला वाट मिळाली नाही की ते वर चढते. जमिनीच्या पोटातले क्षार त्यात विरघळलेले असतात. पाणी पृष्ठभागाजवळ आले की दिव्यातल्या वातीने तेल ओढावे तशी माती ते वर ओढते. ऊन पाणी घेऊन जाते आणि क्षार मागे ठेवते. वर्षानुवर्षे हे चालले, की शेत खारट होते. म्हणजे वरच्या शेतकऱ्याने दिलेले जादा पाणी खालच्या शेतकऱ्याच्या जमिनीत वर येते आणि तिची माती करते, आणि या दोघांची बहुधा ओळखही नसते.

यावर उपाय शोधण्यासाठी मुंबई सरकारने १९१६ साली एक खास पाटबंधारे विभाग काढला. खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था ती याच रोपट्यातून वाढलेली. त्या विभागातल्या इंग्लिस यांनी आणि गोखल्यांनी दाखविले, की निचऱ्याचे चर नुसते काळ्या मातीत खणून भागत नाही. पाणी जेथून चालते त्या मुरुमापर्यंत ते पोचले पाहिजेत. पाण्याला यायची वाट आपण दिली होती, आता जायची वाट द्यायला माणूस शिकला.

आणि याच काळातली एक गोष्ट मला सर्वांत मनोरंजक वाटली. मुंबई इलाख्याच्या १८७९ च्या पाटबंधारे कायद्यात एक कलम होते. कालव्यापासून २०० यार्डांच्या आतल्या शेताला किंवा विहिरीला कालव्याच्या पाझराचा फायदा मिळत असेल, तर त्याबद्दल सरकारला पाणीपट्टी आकारता येई. अर्ज केला नाही, दार उघडले नाही, तरीही आपण होऊन आलेल्या पाण्याचे पैसे! वाचताना मला हसू आले. सरकारला पाझरसुद्धा सोडवत नाही, असे मी मनाशी म्हटले. पुढे थोड्याच दिवसांत ते हसू माझ्या तोंडावर विरले. ते कसे ते सांगतो.

* * *

गळतीवरचा उघड उपाय म्हणजे पाटाला अस्तर घालणे. बिकानेर संस्थानचे महाराजा गंगासिंह यांनी सतलजचे पाणी वाळवंटात आणले तेव्हा उघड्या वाळूतून ते नेणे म्हणजे चाळणीतून नेणेच होते. म्हणून १९२७ साली खुला झालेला गंग कालवा अस्तर घालून पक्का बांधण्यात आला. आज आपल्याकडेही अस्तरीकरण हा शब्द गावोगाव पोचला आहे.

मग आमच्या पाटाला अस्तर घालावे की नाही? पुस्तके वाचून माझे मत अस्तराच्या बाजूने झाले होते. पण पाटाच्या खालच्या अंगाला एक टोला आहे, पंचवीस-तीस घरांचा, बहुतेक गोंडांचा. त्यांची पिण्याच्या पाण्याची विहीर पाटाला लागून आहे. "पाट सिमेंटचा झाला तर आमच्या विहिरीचं काय?" असे त्यांनी विचारले. नीरेच्या खोऱ्यात पाझर हा शाप ठरला, तरी आमच्याकडे तसे होण्याची भीती थोडी. तिकडे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आमच्याकडे त्याच्या तिप्पट; क्षार साचण्याआधी पाऊस ते धुऊन नेतो. आमच्याकडचा पाझर कोणाच्या तरी घागरीत जातो. तेव्हा मुरते किती, आणि मुरून जाते कोठे, हे दोन्ही पाहिल्याशिवाय ठरवू नये, असे मी सुचविले.

मोजण्याची रीत सोपी आहे, आणि कोणत्याही गावाला करता येईल अशी आहे. धान घरात आल्यावर, पाट बंद असताना, आम्ही पाटाचे दोन तुकडे निवडले. एक वरचा, तलावाजवळचा, मुरुमातला. दुसरा खालचा, टोल्याजवळचा, चिकणमातीचा. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही तोंडांना मातीचे बांध घालून तो पाण्याने भरला. मध्ये खुणा केलेली काठी रोवली. शेजारी पाण्याने भरलेले घमेले ठेवले, कारण उन्हा-वाऱ्याने किती पाणी उडाले तेही कळायला हवे. घमेल्यात जेवढे उतरेल तेवढे वजा करायचे, बाकीचे मुरले. शाळेतली मुले शेकोटी करून रात्रभर जागली. सकाळी खालच्या तुकड्यात पाणी चार बोटे उतरले होते. वरच्या तुकड्याचा तळ दिसत होता. घमेल्यांतले पाणी होते तिथेच होते म्हणा ना.

"हे वरचं पाणी जातं कुठं?" मी मोठ्याने म्हणालो. खरे तर स्वतःशीच म्हणालो.

टोल्यातली एक म्हातारी तेथे उभी होती. ती म्हणाली, "जाईन कुठी गुरुजी? तुमच्या बोडीत जाते जी. तुमच्या बोडीचा झरा पाटासंगं जागते न् पाटासंगं निजते. हे आमाले लहानपनापासून मालूम हाये."

मी खाली पाहिले. पाटाच्या त्याच मुरमाड तुकड्याच्या खाली, ऐंशी-नव्वद पावलांवर, आमची बोडी होती. लहानपणीचे सारे आठवले. झरा भर पावसाळ्यात ओळखू येत नसे. पाट सुटून चार-पाच दिवस झाले की तो खळखळू लागे आणि पाट बंद झाल्यावर काही आठवड्यांनी हळूहळू आटे. जमिनीच्या पोटातला झरा म्हणून आजोबा ज्याचा अभिमान बाळगीत, तो गावाच्या तलावाचा होता. ज्यांच्या बांध्या पाटाच्या शेवटी वाळत, त्यांच्या वाटणीचा होता. १८७९ च्या त्या कलमाला हसलो होतो; तो कायदा मुंबई इलाख्याचा, आमचा मुलूख मध्यप्रांतातला, एवढ्यामुळेच आमच्या घरावर आकारणी झाली नव्हती.

"मग इतकी वर्षे कोणी बोलले कसे नाही?" मी विचारले.

"तुमच्या आज्याले कोन म्हनंल जी?" ती म्हणाली आणि आपल्या वाटेने गेली.

ते उत्तर मी त्या रात्री पुष्कळ वेळ उलटसुलट करून पाहिले. आजोबांनी चोरी केली नव्हती. पाणी आपल्या धर्माने उताराला आले होते, आणि त्यांनी ते देवाने दिले असे मानले. पण पाण्याला उतार असतो तसा गावालाही असतो, आणि त्या उताराच्या खालच्या टोकाला असलेल्या माणसांना सारे ठाऊक असूनही बोलता येत नाही. सभेत मी आधी हीच गोष्ट सांगितली. घरच्या तरुण मंडळींना ती फारशी रुचली नाही; आमची मिरची-वांग्यांची वाडी त्या बोडीवर चालते.

शेवटी ठरले ते असे: वरच्या मुरमाड तुकड्याला अस्तर घालावे, टोल्याजवळचा चिकणमातीचा तुकडा होता तसा मातीचाच ठेवावा. तेथे मुरते थोडे, आणि मुरते ते विहिरीत येते. ते पाणी वाया गेले असे हिशेबात लिहू नये.

गेल्या वर्षी दिवाळीत पाट सुटला तेव्हा शेवटच्या बांध्यांपर्यंत पाणी पोचले. टोल्याच्या विहिरीला होळीनंतरही पाणी होते. आमची बोडी मात्र संक्रांतीलाच तळाला गेली, आणि वाडीतली निम्मी मिरची आम्हांला मोडावी लागली. घरात अजून त्यावरून अधूनमधून बोलणे होते. मी ऐकून घेतो.

यंदा नातू सुट्टीला येईल. होडी सोडायला मी त्याला पाटावर नेणार आहे. आमच्या बांधापाशी आला की तो बोडीतल्या झऱ्याविषयी विचारील, कारण त्याच्या बापाने त्याला आजोबांची गोष्ट सांगितलेली आहे. त्याला पुढची गोष्ट मी सांगेन.